गोळ्याचं डोहाळजेवण

आधीच सांगते, लाज बाजूला ठेवून बोलणार हाय मी. पोटाचं ऑपरेशन ही गोष्टच अशी, की तिच्यात लाजत बसलं तं माणूस मरतं! मी मरता मरता वाचले ते अशा एका गोष्टीनं, जी चारचौघात घडली तं पोरी तोंडाला पदर लावून हसत्यात. हसा, खुशाल हसा. माझ्या वक्ताला सगळा दवाखाना हसला आन् रडलाबी.

आमच्या हसनाबादेतून कोण्या बाईला जालन्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, की बैलगाडी आधी माझ्या दारात थांबती. बाई गाडीत भेदरून बसलेली असती. मंग मीच चाकाजवळ जाते, लुगडं जरा सरकवते आन् दाखवते, "हे बघ! बेंबीच्या वरून पार खालपर्यंत. उसवलं, परत भरलं. आन् आज मी ज्वारीचं पोतं सोडून समदं उचलते!" बाईचे डोळे हे एवढे होतात. पण गाडीपाशी सगळं सांगून व्हत न्हाई, बैल खोळंबतात. म्हणून आज पहिल्यापासून सांगते.

पोट आलं!

माझं माहेरचं नाव चंद्री. लग्नात तांदळात बोट फिरवून गिरजा केलं, आन् चंद्री तिथंच राह्यली. आई माझी लहानपणीच गेल्ती, त्यामुळं त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. सासूला मी आत्याबाई म्हणते. आत्याबाई तोंडानं लई तिखट, गिरजे गिरजे करून दिवसभर नाचवायच्या. पण लग्नाला एवढी वर्सं झाली, पाळणा हलला न्हाई, तरी त्यावरून एका शब्दानं मला बोलल्या न्हाईत. दिवा लावताना मारुतीला मात्र रोज बोलायच्या.

तं एका वर्सी माझी पाळी थांबली. पोट दिसायला लागलं! सुईणीनं हात फिरवला आन् म्हणाली, "फिरून राह्यलं लेकरू!" अगं बाई, आत्याबाईंचा पाय जमिनीला लागंना! सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, आंब्याच्या फांदीला झोका, सगळं गाव जेवायला. दोन वाट्या झाकून माझ्यापुढं ठेवल्या. मी एक उघडली, पेढा निघाला. "पोरगाच!" म्हणून बायांनी टाळ्या पिटल्या. सुतारानं लिंबाच्या लाकडाचा पाळणा करून दिला. तो आत्याबाईंनी आढ्याला टांगला, ऐन दारासमोर. आतबाहेर करताना डोक्याला लागायचा, पण काढू देतील तं शपथ.

नववा महिना सरला. दहावा गेला. अकरावा लागला तवा गावात सुरू झालं, "हत्तीचं हाय का काय गं?" मीबी हसायचे. पण हातपाय काड्या झाल्ते, दोन घास खाल्ले की दम लागायचा, कुशीवर वळले की आत पाणी हलल्यावानी व्हायचं. बोलले न्हाई कोणाला. एवढं डोहाळजेवण झाल्यावर कोणत्या तोंडानं बोलणार?

मंग एका सकाळी अशी कळ आली, की मी चुलीपुढंच आडवी झाले. "वेळ आली! वेळ आली!" आत्याबाई ओरडत सुटल्या. सुईण आली, तिनं इकडून तिकडून चाचपलं. मंग म्हणाली, "मला न्हाई समजत. जालन्याला न्या. जल्दी!" मालकांनी बैल जुंपले.

"जेवण घातलंय आम्ही!"

दवाखान्यात बायांच्या डाक्टर एक गोऱ्या मडमबाई होत्या. मराठी बोलायच्या, पण एकेक शब्द धुऊन ठेवल्यावानी. त्यांनी लाकडाची नळी पोटाला लावून ऐकलं. इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघून राह्यले. त्यांनी नळी खाली ठेवली.

"बाई, इथे बाळ नाही. पोटात पाण्याचा मोठा गोळा आहे. त्याला पीळ पडला आहे, म्हणून दुखते."

आत्याबाई उसळल्या. "न्हाई कसं? डोहाळजेवन झालंय! समद्या गावाला जेवन घातलंय आम्ही! पेढ्याची वाटी उघडली तिनं!"

मडमबाईंनी त्यांचा हात धरला. "आजी, मला फार वाईट वाटते. पण हा गोळा लगेच काढला नाही, तर तुमची सून वाचणार नाही."

आता खरं सांगते. चाकूचं भ्या मला वाटलंच न्हाई! माझ्या डोळ्यापुढं आला तो पाळणा. पोट सपाट करून त्या पाळण्याखालून मी घरात कशी जाऊ? कोण म्हणून जाऊ? मालकांना दुसरी बायको करा म्हणून कोण कोण सांगत येईल, त्यांची तोंडंसुदिक मला दिसली. जगायचं तं असं घरी जायला जगायचं होतं. पण जीव मोठा लोचट असतो बघा. "काढा," मीच म्हणाले.

मालक कोपऱ्यात उभे होते. "बैलांना पाणी दाखवून येतो," म्हणाले, आन् बाहेर लिंबाखाली जाऊन लेकरावानी रडले. हे मला मागून कळलं.

टेबलावर

टेबल थंडगार. आत्याबाई दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेल्या. नर्सनं माझ्या तोंडावर गुंगीच्या औषधाची जाळी धरली आन् म्हणाली, "नाव सांग. मोठ्यानं सांगत राहा."

मी गिरजा म्हणायला तोंड उघडलं आन् निघालं चंद्री! "चंद्री, चंद्री, चंद्री..." मीच चकित झाले. गोड, मळमळणारा वास आला, आन् पुढचं काय ठावं न्हाई.

गोळा निघाला तो एका टबात घालून नर्सनं बाहेर नेऊन दाखवला. मोठ्या डांगराएवढा! मालकांनी तोंड फिरवलं. आत्याबाईंनी मात्र वाकून बघितला, बराच वेळ बघितला, आन् नर्सला विचारलं, "ह्याला तोंड कुठं हाय?" नर्स बिचारी टब उचलून आत गेली.

दोघींचा वारा

शुद्धीवर आले तं तोंडात जीभ लाकडावानी. तहान! अशी तहान मी चैतात खुरपायला गेल्यावरबी बघितली न्हाई. पण मडमबाईंचा हुकूम कडक होता. वारा सरेपर्यंत पोटात काही जायचं न्हाई. ओल्या फडक्यानं ओठ पुसायचे, बस्स. "आतड्यांना हात लावला की ती रुसतात," त्या म्हणाल्या. "वारा सरला म्हणजे समजायचे, रुसवा गेला."

आत्याबाईंचा हिशोबच वेगळा. "पोटातून एवढं निघालं म्हंजे बाळंतीनच की! लेकरू असू न्हाई तं गोळा. आन् बाळंतिनीच्या रिकाम्या पोटात वारा शिरतो, हे पोरीसोरींनाबी ठावं हाय." झालं! माझ्या कानात कापूस कोंबला, डोक्याला फडकं आवळलं, खिडकी लावून घेतली. मडमबाई बघतात वारा कधी बाहेर येतो, आन् आत्याबाई पहारा देतात वारा आत शिरू नये म्हणून. मधी मी!

दवाखान्याच्या मागं नातेवाइकांच्या चुली असायच्या. तिथं आत्याबाईंनी शिरा केला, तुपात डिंक तळून टाकला, आन् नर्स दुसरीकडं गेलेली बघून पदराखाली वाटी घेऊन आल्या. शेजारच्या खाटेवर जुन्या जालन्याच्या एक मुसलमान मावशी होत्या, सगळ्या त्यांना खाला म्हणायच्या, त्यांच्या पोटातला खडा काढल्ता. त्या हात उंचावून सांगून राह्यल्या, "नक्को अम्मा, नक्को खिलाओ!"

"तुमी गप ऱ्हावा," आत्याबाई म्हणाल्या. "तुमचं पोट येगळं, बाळंतिनीचं येगळं."

आन् मी? मी खाल्ला. गरम, गोड, तुपाचा वास. आई गेल्यापासून मला असं कोणी भरवलं नव्हतं. आत्याबाई घास देत होत्या आन् म्हणत होत्या, "खा गं, खा. तू काय कमी सोसलं?" वाटी चाटूनपुसून साफ केली मी.

दुपारपर्यंत उचकी लागली. मंग पोट फुगायला लागलं. फुगलं, फुगलं, डोहाळजेवणाच्या दिवशी होतं तेवढं झालं! हिरवं हिरवं ओकले. ओकताना टाके असे ताणायचे, की वाटायचं आता सगळं पोट बाहेर येतंय. मडमबाई धावत आल्या, नळी लावून ऐकलं. आत बिलकुल आवाज न्हाई.

"कोणी काही खायला दिले?"

खालांनीसुदिक मान खाली घातली, चुगली केली न्हाई. आत्याबाई उठून उभ्या राह्यल्या. "म्या दिलं. शिरा दिला. मला काय करायचं ते करा बाई, पर तिला वाचवा."

मडमबाई त्यांना एक शब्द बोलल्या न्हाईत. मला तेवढं सरळ सांगितलं, "वारा सरला तर वाचाल. नाही सरला तर पोट पुन्हा उघडावे लागेल, आणि ते तुमच्या अंगाला सोसणार नाही."

वाट बघणं

मंग काय काय केलं! नाकातून नळी घातली. मांडीत जाड सुया खुपसून मिठाचं पाणी चढवलं, मांड्या भोपळ्यावानी झाल्या. टर्पेंटाईन टाकलेल्या गरम पाण्यात फडकी पिळून पोटावर ठेवायचे. त्या वासानं अजून माझ्या डोळ्यात पाणी येतं. फडकी पिळायला आत्याबाई बसल्या. हात भाजून लाल झाले तरी नर्सच्या हातात फडकं देईनात. माझ्या कानातला कापूस त्यांनी स्वतःच काढून फेकून दिल्ता.

सगळा वार्ड माझ्या वाऱ्यावर डोळे लावून बसला! लंगडत जाणारी बाई थांबून विचारायची, "सरला का?" झाडूवाली विचारायची, "सरला का?" खाला तस्बीची माळ ओढत म्हणायच्या, "या अल्ला, इस बच्ची की हवा छोड दे!" आत्याबाईंनी खिडकी सताड उघडली आन् लिंबाखालच्या मालकांवर ओरडल्या, "जा, मारुतीला तेल घाल! त्याला म्हनावं, तू वाऱ्याचा पोरगा ना? मंग सांग की तुझ्या बापाला!" मालक खरंच जुन्या जालन्यात मारुतीला जाऊन आले.

मला हसू यायचं आन् हसलं की जीव जायचा. खालांनी तवाच शिकवलं, हसताना, खोकताना उशी पोटाशी गच्च धरायची. ही गोष्ट मी गाडीतल्या प्रत्येक बाईला सांगते. आन् दुसरी सांगते ती आणखी मोठ्यानं, माणूस कितीबी जवळचं असू, पदराखालची वाटी तोंडाला लावू नका!

भ्या वाटत होतं का? वाटत होतं. लई वाटत होतं. पाळण्याचं भ्या कुठल्या कुठं गेल्तं. नुसतं जगायचं होतं मला. पाळण्याखालून का होईना, घरात जायचं होतं.

आन् मंग ती सकाळ! ऊन खिडकीतून खाटेवर आल्तं. मडमबाई नळी लावून वाकलेल्या. पोटात कुठंतरी बारीक गुरगुरलं. मडमबाईंनी बोट वर केलं, सगळे चिडीचूप. परत गुरगुरलं. मडमबाईंचं तोंड उजळलं, आन् बायांनो, सुटला! असा सुटला, असा सुटला, की पार दारातल्या बाईनं मागं वळून बघितलं!

आन् मंग खालांनी दोन्ही हात वर केले, "मुबारक हो! मुबारक हो!" वार्डात एकच दंगा. मडमबाई हसून हसून लाल झाल्या, डोळे पुसून राह्यल्या. आत्याबाई खिडकीतून ओरडल्या, "सरला! आरं, वारा सरला!" मालकांनी डोक्याचा पटका काढून वर फेकला, तो लिंबाच्या फांदीत अडकला. आत्याबाईंनी तं कनवटीचा गूळ काढून वाटायलाच घेतला, तेवढ्यात नर्सनं हात धरला, "आजी! परत खाऊ घालताय?" मंग गूळ नर्सलाच खावा लागला.

उसवलं

तुम्हाला वाटंल, झालं, वाचली. इतकं सोपं असतं का? टाके काढले आन् दुसऱ्याच दिवशी मला ठसका लागला. उशी लांब होती. जखमेचं खालचं तोंड उसवलं आन् पू वाहायला लागला. ताप चढला. रोज सकाळी पट्टी काढायचे, धुवायचे, आत औषधाची चिंधी भरायचे. त्या वेळेला आत्याबाईंचं मनगट मी असं दाबायचे, की त्यांच्या बांगड्या वाढल्या. त्या वास मारणाऱ्या पट्ट्या बघून मला स्वतःचीच किळस यायची. जखम वरून शिवता येत न्हाई, खालून भरत येती, हे मडमबाई समजावून सांगायच्या. लई वैताग यायचा. एकदा मी ताट ढकलून दिलं, एकदा मालकांवर उगीच ओरडले. ते म्हणाले, "वरड. आवाजात ताकद आली म्हंजे चांगलंच हाय."

सुखबी होतं. मुगाच्या पाण्याचा पहिला घोट! त्याची सर कोणत्या पुरणाला यायची न्हाई. खाला घरी जाताना त्यांची उशी मला देऊन गेल्या. "मेरी अमानत, संभालना," म्हणाल्या. अजून हाय माझ्याकडं.

जखम भरत आली तवा मडमबाई माझ्याजवळ बसल्या. गोळा एका बाजूच्या बीजकोशाला होता, पण दुसऱ्या बाजूचाबी खराब झाल्ता, तोबी काढावा लागला. "मूल होणार नाही," त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आत्याबाई तिथंच होत्या. त्यांनी ऐकलं, पदर सावरला आन् उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी हसनाबादेकडं जाणाऱ्या कोणाच्यातरी गाडीत बसून त्या गावाला निघून गेल्या. मला सांगितलंसुदिक न्हाई!

"घरी काम हाय म्हनली," मालक म्हणाले. "काय काम, ते मलाबी बोलली न्हाई."

मला काय समजायचं ते मी समजले. एक तं पाळणा उतरवायला गेल्या, न्हाई तं नवी सून बघायला. भिंतीकडं तोंड करून पडले मी. हात भाजून घेतले त्या आत्याबाई वेगळ्या, आन् घराण्याचं बघणाऱ्या वेगळ्या, अशी मनाची समजूत घातली.

घरी

सुट्टी झाली. गाडीत मालकांनी खाली कडबा, वर गोधडी अंथरली, दर खड्ड्याला बैलांना शिव्या घातल्या. मी खालांची उशी पोटाशी धरून बसले. वाटभर एकच म्हणत होते, देवा, पाळणा काढलेला असू दे.

गाडी दारात थांबली. वाकून आत बघितलं. पाळणा तिथंच! वर झेंडूची माळ! खाली पाट, रांगोळी, गावातल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या, कोपऱ्यात घुगऱ्यांचं पातेलं. पाळण्यात वरवंट्याला झबलं घालून ठेवलेलं. बारशाची सगळी तयारी! माझ्या अंगाची आग झाली. जखमेवर मीठ चोळायचं म्हणजे किती चोळायचं माणसानं?

"हे काय हो आत्याबाई?" मी दारातूनच ओरडले. "कोणाचं बारसं?"

"ये, आधी आत ये. पाय धू," आत्याबाई म्हणाल्या. "डोहाळजेवन झालं, मंग बारसं नको? अर्धं काम सोडायचं न्हाई, आपल्यात न्हाई चालत तसं." आन् माझ्या दंडाला धरून, पाळण्याला धक्का लागू न देता, मला पाटावर बसवलं. आत्याबाईंनी पाळण्याची दोरी एकदा ओढली, माझ्या डोक्यावरचा पदर बाजूला केला, कानाशी तोंड आणलं. त्याच कानाशी, ज्यात कापूस कोंबल्ता.

"कुर्रर्र..."

आन् हळूच म्हणाल्या, "चंद्री."

टेबलावर मी बरळले ते दाराबाहेर त्यांनी ऐकल्तं, आन् एवढे दिवस मनात धरून ठेवल्तं! मंग त्या उठल्या आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "ऐका गं! गिरजा आणली होती म्या सून म्हनून, ती गेली त्या टेबलावर. ही चंद्री. ही लेक हाय माझी. माझ्या मांडीवर मरून माझ्या मांडीवर जन्मली. कोनाला काय बोलायचं असंल तं घुगऱ्या खायच्या आधी बोला, न्हाई तं मंग जल्मभर बोलायचं न्हाई!"

कोणी बोललं न्हाई. नाव ठेवणारीच्या पाठीत धपाटे घालायचे असतात ना, मंग बायांनी आत्याबाईंच्या पाठीत असे धपाटे घातले, की म्हातारी कळवळली. एक माझ्याकडं वळली तशा त्या तिच्या अंगावर धावल्या, "तिला न्हाई! अजून कच्चं हाय पोट!" मी उशी दाबून रडले आन् उशी दाबून हसले.

पोटाला पट्टा मी अजून बांधते, खालच्या बाजूला जरा फुगवटा राह्यला. पाळणा काय रिकामा राहत न्हाई. गावात कोणाकडं लेकरू झालं की आमच्याच पाळण्याला मागणं येतं. लोक खांद्यावर घेऊन निघाले, की आत्याबाई दारापर्यंत मागं मागं जातात आन् प्रत्येकाला बजावतात, "जपून न्या रे. माझ्या लेकीचा हाय."